धसका, आघात आणि उपचार: एकाहून जास्त पद्धतींची सांगड कशी घालतात?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा एकाच वेळी फुगल्या, तेव्हा कोल्हापूर-सांगलीपासून चिकोडी-गोकाकपर्यंतची गावं पाण्यात गेली. पाणी ओसरलं, पंचनामे झाले, काहींना भरपाई मिळाली, काहींची फाईल अडकली. पण पंचनाम्यात न येणारंही नुकसान असतं. पावसाची पहिली मोठी सर आली की ज्याला झोपच लागत नाही, जो रात्री तीनदा उठून दार उघडून पाणी बघतो, त्याच्याबद्दल घरची माणसं म्हणतात, "तेव्हापासून त्यानं धसकाच घेतलाय."

हा धसका महिनोन् महिने टिकला आणि माणसाचं काम, झोप, नाती बिघडवू लागला, तर डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. 'पीटीएसडी' हे त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आता मराठीतही रुळलंय. कारण पूरच असेल असं नाही. अपघात, मारहाण, बलात्कार, लहानपणचा छळ, जवळच्याचा डोळ्यांदेखत मृत्यू, यातलं काहीही असू शकतं.

उपचाराला जावं तर तिथे नावांची गर्दी. सीबीटी, ईएमडीआर, एक्स्पोजर, डीबीटी. शिवाय योग, ध्यान आणि संमोहन आहेच. "आम्ही सगळ्या पद्धती एकत्र वापरतो" अशी पाटी हल्ली मोठ्या शहरात सर्रास दिसते. आता एकत्र वापरणं म्हणजे नेमकं काय? भेळ करतानासुद्धा चिंचेचं पाणी आधीच घालून ठेवलं की चुरमुरे मऊ पडतात. मानसोपचारात तर क्रमाला आणि कारणाला त्याहून बरंच जास्त महत्त्व आहे.

नोंद राहते, खतावणी होत नाही

वाईट आठवण सगळ्यांनाच असते. आघाताची आठवण वेगळी वागते. साधी आठवण काळाच्या ओघात मागे जाते. "तेव्हा असं झालं होतं" असं माणूस सांगू शकतो. आघाताची आठवण 'तेव्हा'ची होतच नाही. डिझेलचा वास, ब्रेकचा आवाज, विशिष्ट उंचीचा माणूस, एवढ्यावर ती आत्ता, इथेच घडतेय अशी अंगावर येते. दुकानाच्या हिशोबाशी तुलना करायची तर रोजकिर्दीत नोंद पडली, पण खतावणीत तिचं खातं उघडलंच नाही. मग वर्षाखेरीला ताळा जुळत नाही आणि चूक कुठे ते सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत (ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली) या विकाराची तीन मुख्य लक्षणं धरली आहेत. घटना पुन्हा घडत असल्याचा अनुभव येणं, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका संपला तरी शरीर सतत सावध राहणं. याच यादीत पहिल्यांदा 'गुंतागुंतीचा' पीटीएसडी वेगळा नोंदवला गेला. त्यात वरच्या तीन लक्षणांशिवाय भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल घाण किंवा नालायक वाटणं आणि माणसांजवळ जाता न येणं हेही असतं. बहुतेकदा तो एका घटनेतून येत नाही. लहानपणचा अत्याचार किंवा वर्षानुवर्षांचा घरगुती छळ यातून तो येतो.

इथेच एका पद्धतीनं भागेल का, हा प्रश्न उभा राहतो. एका अपघाताची आठवण सोडवणं वेगळं. ज्याला विश्वास म्हणजे काय हेच कधी शिकायला मिळालं नाही, त्याला उभं करणं वेगळं.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. भयंकर घटनेतून गेलेल्या बहुतेकांना हा विकार होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, रडू येणं हे आजाराचं लक्षण धरत नाहीत. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून तपशीलवार सांगायला लावायचं, अशी एक पद्धत पूर्वी फार चालत असे. ती फायद्याची नाही, काहींना तर जाचकच होते, असं अभ्यासांतून दिसल्यावर तिचा सल्ला देणं थांबलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं इतर संस्थांबरोबर मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सूत्र साधं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. पाणी, पांघरूण, घरच्यांचा ठावठिकाणा ही पहिल्या दिवसांतली खरी मदत असते.

तीन टप्प्यांची कल्पना

टप्प्याटप्प्यानं उपचार करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच असा क्रम मांडला होता. आधी माणसाला स्थिर करा, मग आठवणीवर काम करा, मग त्याला रोजच्या जगण्यात परत आणा. मधल्या काळात हा विचार मागे पडला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या थरथरीला 'शेल शॉक' म्हटलं गेलं. व्हिएतनाम युद्धातून अमेरिकी सैनिक परतले आणि स्त्री-चळवळीनं बलात्कार व घरगुती हिंसेचे परिणाम मांडले, त्यानंतर १९८० मध्ये पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेत आलं.

१९९२ मध्ये अमेरिकेच्या डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी आपल्या पुस्तकात हे तीन टप्पे पुन्हा स्पष्ट मांडले: सुरक्षितता, स्मरण आणि शोक, आणि माणसांशी पुन्हा नातं. यातला 'शोक' हा शब्द महत्त्वाचा आहे. आठवण बोलून टाकली म्हणजे काम संपलं, असं नसतं. गेलेलं बालपण, गेलेला माणूस, बुडालेली वर्षं यांचं रडणं बाकी राहतं आणि त्यालाही वेळ द्यावा लागतो.

कोणती पद्धत काय करते

आघातावर सगळ्यात जास्त तपासल्या गेलेल्या पद्धती तीन-चारच आहेत. बाकीच्या बहुतेक त्यांच्या शाखा किंवा जोडण्या.

एडना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ एक्स्पोजर पद्धतीत माणूस थेरपिस्टसमोर घटना वर्तमानकाळात, तपशीलानं, पुन्हापुन्हा सांगतो. सेशन साधारण दीड तासाचं, आणि अशी आठ ते पंधरा. सांगितलेलं रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं असतं. शिवाय टाळलेल्या जागी हळूहळू जायचं: आधी तो रस्ता लांबून, मग दिवसा सोबतीनं, मग एकट्यानं. यातून शरीराला कळतं की आठवण म्हणजे ती घटना नव्हे. ऐकायला कठोर वाटतं, पण परिणाम चांगला आहे. आपल्याकडची अडचण वेगळीच. दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, मुलं असताना ते रेकॉर्डिंग ऐकायचं कुठे? अनुभवी थेरपिस्ट आधी हे विचारतो आणि गरज पडली तर ऐकण्याचं काम क्लिनिकमध्येच ठेवतो.

पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी ही विचारांवर काम करते. "चूक माझीच", "कुणावरच विश्वास ठेवायचा नाही", "मी तेव्हा ओरडायला हवं होतं" अशा अडकून बसलेल्या विचारांना कागदावर आणून तपासायचं, साधारण बारा सेशनमध्ये. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठी वाचकांना पुस्तकांतून बरीच परिचयाची आहे. सीपीटी तिच्याच घराण्यातली म्हणावी लागेल, फक्त रोख आघातावर. तिच्यात लिहिण्याचं काम फार असल्यानं ती शिकलेल्यांचीच, असा समज आहे. तो खरा नाही. काँगोमध्ये लैंगिक हिंसेतून वाचलेल्या स्त्रियांसाठी ही पद्धत सोपी करून, गटात, स्थानिक सहायिकांकडून दिली गेली. त्यातल्या पुष्कळ स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हतं. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात नुसत्या आधारापेक्षा या पद्धतीचा फायदा स्पष्ट दिसला.

ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांची पद्धत. १९८७ मध्ये त्यांना ती सुचली, १९८९ मध्ये पहिला अभ्यास आला. आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी थेरपिस्टच्या बोटामागे डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा काहीसा गारुड्याचा खेळ वाटतो. डोळे हलवल्यानंच फरक पडतो की आठवणीला सामोरं गेल्यानं, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. डोक्याला एकाच वेळी दोन कामं दिली की आठवणीची धार कमी होते, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. पद्धत गुणकारी आहे याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही. यात सगळं मोठ्यानं सांगावं लागत नाही. ज्यांना तोंडानं उच्चारणंच शक्य नाही त्यांना ही सोय मोठी वाटते.

कथनात्मक एक्स्पोजर ही पद्धत युद्ध आणि विस्थापनातून गेलेल्यांसाठी जर्मनीतल्या अभ्यासकांनी घडवली. जमिनीवर दोरी ठेवायची; ती म्हणजे आयुष्य. चांगल्या घटनेला फूल, वाईट घटनेला दगड. मग जन्मापासून आजपर्यंत क्रमानं सांगत जायचं आणि थेरपिस्टनं ते लिहून घ्यायचं. ज्यांच्या आयुष्यात एक नाही, दहा दगड आहेत त्यांच्यासाठी ही पद्धत सोयीची. युगांडातल्या निर्वासित छावणीत, छावणीतल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन ती वापरली गेली आणि तिथेही तिचा उपयोग झाला.

पाचवी गोष्ट थेट आघाताची नाही, पण सांगड घालताना सतत लागते. ती म्हणजे भावना पेलण्याची कौशल्यं. मार्शा लिनेहान यांची डीबीटी मुळात स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी तयार झाली. भावनेची लाट आली तरी हातून काही वावगं होऊ न देता ती जाऊ कशी द्यायची, हे ती शिकवते.

सांगड म्हणजे प्रत्यक्षात काय

समजा, निपाणीकडची पस्तिशीची एक बाई आहे. लहानपणी नात्यातल्या माणसानं अत्याचार केलेला. लग्नानंतर नवऱ्याची मारहाण. दोन वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात भाऊ डोळ्यांसमोर गेला. ती डॉक्टरकडे येते ती "छातीत धडधडतं, झोप नाही" एवढंच सांगत. ईसीजी नॉर्मल. झोपेच्या गोळ्या सुरू होतात आणि वर्षभर तशाच चालू राहतात. (हे उदाहरण समजुतीसाठी रचलेलं आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र तणावाच्या लक्षणांसाठी झोपेच्या व शांत करणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या देऊ नयेत.)

अशा बाईला नीट थेरपिस्ट भेटला तर पहिला प्रश्न आठवणीचा नसतो. मारहाण अजून चालू आहे का, हा असतो. रोज मार खाणाऱ्या बाईला "तुम्ही आता सुरक्षित आहात" असं शिकवणं म्हणजे थट्टाच. तेव्हा पहिली सांगड मानसशास्त्र आणि कायदा यांची: २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा, संरक्षण अधिकारी, १८१ ही महिला हेल्पलाईन, माहेरचं किंवा मैत्रिणीचं घर. हे काम समाजसेवकाचं म्हणून बाजूला टाकणारा थेरपिस्ट अर्धाच उपचार करतो.

त्यानंतर थोडी सेशन शरीर ताळ्यावर आणण्यासाठी. घटना अंगावर आली की पाय जमिनीवर टेकून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, श्वास लांबवत सोडायचा, तारीख-वार मोठ्यानं म्हणायचा. शाळकरी वाटतं, पण पुढची सगळी मदार यावर असते.

मग आठवण. कुठली आधी? यावर एकच नियम नाही. आज जी सगळ्यात जास्त छळते ती आधी, असं बरेच थेरपिस्ट धरतात. अपघाताचं दृश्य सारखं डोळ्यांपुढे येत असेल तर त्यासाठी ईएमडीआर किंवा एक्स्पोजर. दृश्य ओसरतं, पण "मीच त्याला त्या दिवशी बोलावलं होतं" हा अपराधभाव तसाच राहतो. तो डोळे हलवून जाईलच असं नाही, तेव्हा सीपीटीची रीत हाती घ्यायची. बालपणाची आठवण शेवटी निघते आणि तिथे लाज जास्त असते. लाजेवर काम करताना थेरपिस्टचा चेहरा, त्याचं न दचकणं हेच औषधासारखं काम करतं. त्याला कुठलंही आद्याक्षरी नाव नाही.

तिसऱ्या टप्प्यात बचत गटाची बैठक, बंद पडलेलं शिवणकाम, भावाच्या मुलांकडे जाणं असल्या साध्या गोष्टी येतात.

यात दिसतं ते असं की पद्धत बदलते तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते कारण थेरपिस्टला दोन वाक्यांत सांगता येतं. या सोमवारी संमोहन, पुढच्या सोमवारी श्वसन, मग चित्रं, असं कारणाशिवाय चालू असेल तर ती सांगड नव्हे.

जुळवाजुळवीचे तीन मार्ग

निरनिराळे पंथ एकत्र आणायचा विचार आघातापुरता नाही. १९३६ मध्येच सॉल रोझेनझ्वाइग यांनी म्हटलं होतं की वेगवेगळ्या उपचारांना यश मिळतं ते बहुधा त्यांच्यातल्या समान गोष्टींमुळे. विश्वासाचं नातं, पटणारं स्पष्टीकरण, आशा या त्या गोष्टी. दुसरा मार्ग अर्नोल्ड लाझारस यांचा: तत्त्वज्ञानाच्या वादात न पडता जे तंत्र उपयोगी ते घ्या. तिसरा पॉल वॉखटेल यांचा. १९७७ मध्ये त्यांनी मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांचे सिद्धान्तच एकमेकांत बसवून दाखवायचा प्रयत्न केला. आघातावर काम करणारे बहुतेक जण आज पहिल्या दोन मार्गांच्या मधेच कुठेतरी असतात.

आधी तयारी की थेट आठवण? वाद मिटलेला नाही

हर्मन यांच्या टप्प्यांना आधार देणारा अभ्यास मरिलीन क्लोइत्र यांनी केला. बालपणी अत्याचार झालेल्या ५८ स्त्रियांवर २००२ मध्ये, आणि १०४ स्त्रियांवर २०१० मध्ये. आधी आठ सेशन भावना आणि नात्यांची कौशल्यं ('स्टेअर' हे त्यांचं नाव), मग आठ सेशन एक्स्पोजर. २०१० च्या अभ्यासात हा जोड नुसत्या एका भागापेक्षा सरस ठरला. आधी कौशल्यं शिकलेल्या स्त्रिया एक्स्पोजर अर्धवट सोडून कमी गेल्या. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय आघात-अभ्यास संघटनेच्या तज्ज्ञांनीही गुंतागुंतीच्या आघातासाठी टप्प्यांची शिफारस केली.

लगेच विरोधही आला. २०१६ मध्ये नेदरलँड्सचे आद दे योंग आणि सहकाऱ्यांनी विचारलं, तयारीचा टप्पा हवाच याला पुरावा किती? त्यांचं म्हणणं असं की "तुम्ही अजून तयार नाही" असं सांगत महिने घालवणं म्हणजे रुग्णाला उपचारापासून दूर ठेवणं. तो स्वतःला आणखीच मोडका समजू लागतो. त्याच देशात एक उलट प्रयोग चालतो. दोन आठवड्यांत आठ दिवस, रोज सकाळी एक्स्पोजर, दुपारी ईएमडीआर, मधे व्यायाम आणि माहितीचे तास. म्हणजे सांगड आहेच, पण टप्प्यांची नाही. २०२१ मध्ये तिथल्याच १४९ रुग्णांच्या अभ्यासात साधं एक्स्पोजर, आठवड्यात अधिक वेळा दिलेलं एक्स्पोजर आणि स्टेअर जोडलेलं एक्स्पोजर यांची तुलना झाली. शेवटी तिघांचा निकाल सारखाच आला. दाट वेळापत्रकाच्या गटाला आराम लवकर पडला एवढंच.

जर्मनीत मार्टिन बोहुस यांनी डीबीटी आणि आघातोपचार एकाच वर्षभराच्या उपचारात विणले. २०२० मध्ये छापलेल्या १९३ स्त्रियांच्या अभ्यासात ही विणलेली पद्धत आणि सीपीटी दोन्हींचा चांगला उपयोग झाला, विणलेली किंचित पुढे राहिली.

या सगळ्यातून सामान्य माणसानं काय घ्यायचं? एका घटनेचा धसका असेल, घर सुरक्षित असेल, तर लांबलचक तयारीची गरज बहुधा नसते. स्वतःला इजा करण्याची सवय, भावनांचा भडका, घरात चालू असलेला धोका असेल तर आधी ते. आणि तयारीला मुदत हवी. सहा महिने झाले तरी फक्त श्वासाचे व्यायामच चालू असतील तर "आठवणीवर काम कधी सुरू करायचं?" असं विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

दारू आणि आघात

आपल्या भागात आघात आणि दारू हातात हात घालून येतात. "आधी दारू सोड, मग बाकीचं बघू" हा दवाखान्यांचा जुना शिरस्ता. अडचण अशी की झोपेत येणारं दृश्य विसरण्यासाठीच पिणारा माणूस दारू सोडला की दृश्यांपुढे एकटा पडतो आणि आठवड्यात परत पितो. लिसा नजाविट्स यांनी दोन्हींवर एकत्र काम करणारी पद्धत तयार केली. ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या अभ्यासात व्यसनी रुग्णांनाही एक्स्पोजरची जोड सोसली आणि त्यांची आघाताची लक्षणं कमी झाली. व्यसन आहे म्हणून आघाताचा उपचार नाकारू नये, एवढं यातून नक्की निघतं. दारू एकदम बंद करताना मात्र डॉक्टरांची देखरेख हवी. अंगात भिनलेली दारू अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

दुःख कुठल्या भाषेत सांगायचं

सीमेपलीकडच्या, म्हणजे आपल्या, मराठी माणसाचा हा प्रश्न पुण्यातल्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. बेळगावचा माणूस धारवाडला गेला तर समोरचा कन्नड किंवा इंग्रजी बोलतो. वडोदऱ्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू-उर्दू, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. रोजचा व्यवहार या भाषांत आपण सहज करतो. पण लहानपणी ऐकलेली धमकी ज्या भाषेत ऐकली त्याच भाषेत आठवते. 'काळजात धस्स झालं', 'पोटात गोळा आला', 'जीव मुठीत धरून' यांना हिंदीत पर्याय शोधेपर्यंत क्षण निघून जातो.

दुसरी बाजूही आहे. परकी भाषा थोडं अंतर देते. जे मराठीत उच्चारताना घसा दाटतो ते काहींना इंग्रजीत सांगता येतं. जाणकार थेरपिस्ट हेही साधन म्हणून वापरतात: सुरुवातीला परकी भाषा, आणि मुख्य आठवण मात्र मायबोलीत, थेरपिस्टला प्रत्येक शब्द समजला नाही तरी. "तो भाग तुमच्या भाषेत बोला, मग मला अर्थ सांगा" असं म्हणणारा थेरपिस्ट मिळाला तर तो सोडू नये. घरातल्या माणसाला दुभाषा म्हणून बसवणं मात्र टाळावं. कारण उघड आहे. घरातला छळ घरातल्याच दुभाष्यासमोर कोण सांगणार?

कुठे जायचं, काय विचारायचं

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तासांची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. भाषा निवडता येते आणि त्यात मराठीही आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर इथेच थांबून हा नंबर लावावा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं. फोनवर पूर्ण आघातोपचार होत नाही, पण पुढे कुठे जायचं ते कळतं.

सरकारी केंद्रांत धारवाडची डिमहान्स आणि बेंगळुरूची निमहान्स, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यात कारेलीबागचं आणि हैदराबादेत एर्रागड्डाचं रुग्णालय ही जुनी ठिकाणं. जिल्हा रुग्णालयांतही राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. या जिल्हा कार्यक्रमाचा नमुनाच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निमहान्सनं तयार केला होता. गोव्यातल्या 'संगत' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूवर परिणामकारक उपचार करता येतात हे दाखवलं. २०१७ मध्ये ते अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आले. आघातासाठी तशी व्यवस्था आपल्या तालुक्यांत अजून उभी नाही, ही खरी उणीव आहे.

खासगीत जाताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, नोंदणी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिचा क्रमांक मागण्यात गैर काही नाही. दुसरी, कोणत्या आघातोपचाराचं प्रशिक्षण आणि कुणाच्या देखरेखीखाली घेतलं. तिसरी, साधारण किती सेशन आणि सुधारणा कशी मोजणार. चांगला थेरपिस्ट दर काही आठवड्यांनी लक्षणांची प्रश्नावली भरून घेतो. एका सेशनमध्ये बरं करतो म्हणणारा, मागच्या जन्मात नेणारा, संमोहनानं 'विसरलेला अत्याचार' बाहेर काढून देणारा दिसला तर उठून यावं. सूचना देऊन देऊन न घडलेली आठवणसुद्धा माणसाच्या मनात तयार होऊ शकते, आणि तिनं घरं मोडतात. देवरुष्याकडे जाऊन आलेल्यांनी ते लपवू नये. अंगाऱ्यानं धीर आला असेल तर तोही थेरपिस्टला कळायला हवा.

गोळ्यांबद्दल: नैराश्यावरची सर्ट्रालीनसारखी काही औषधं या विकारावर उपयोगी पडतात आणि थेरपीच्या जोडीनं चालतात. ती मानसोपचारतज्ज्ञानंच लिहून द्यायची असतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नसतात.

पैशाचा हिशोब आधीच मांडलेला बरा. बारा सेशन म्हणजे फी, एसटीचं भाडं आणि बारा दिवसांची बुडालेली रोजंदारी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देणं बंधनकारक केलंय, पण बहुतेक पॉलिसी रुग्ण भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि थेरपी तर बाहेरूनच चालते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं: दर आठवड्याला येणं जमत नसेल तर काही सेशन व्हिडिओ कॉलवर होतील का, आणि घरात खासगी जागा नसेल तर ती कुठून करायची.